हिंगमिराइट

"वाऱ्याकडे पाठ ठेव आणि श्वास रोखून धर," सबनीस सर खालून म्हणाले.

"किती वेळ?"

"जमेल तेवढा. मग मागे ये."

सर स्वतः बरेच खाली, गार पडलेल्या एका दगडावर नाकाला ओला रुमाल लावून बसले होते. त्यांची निवृत्ती जवळ आली होती, गुडघे दुखायचे, हे खरं. पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय त्यांना गुडघे धड होते तेव्हापासूनची. शेळ्या तर त्या बेटावर खरोखरच होत्या, कुणा जहाजवाल्यांनी कधीकाळी सोडलेल्या, आणि त्या लांब उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. वर भोकाशी आम्ही दोघंच. संस्थेतला माझ्या बरोबरीचा संशोधक निरंजन गुर्जर माझ्या कमरेची दोरी धरून मागे, आणि मी पुढे.

भोक म्हणजे ज्वालामुखीच्या उतारावरची एक भेग, हात आत जाईल एवढी. तिच्यातून तापलेला वायू फुसफुसत वर येत होता आणि डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग होत होती. कडेला गंधकाची पिवळी साय धरली होती. आणि आत, जिथे नजर पोचते न पोचते, तिथे बारीक सुयांचं एक दाट झुडूप होतं. फिकट, जवळजवळ बिनरंगी, काचेसारख्या सुया.

मी आईची आमटीची पळी लोहाराकडून लांब सळईला जोडून आणली होती. ती आत घातली, खरवडली, बाहेर काढली आणि पळीतला माल गरम असतानाच काचेच्या नळीत ओतला. नळीच्या तळाशी कळीच्या चुन्याचा खडा होता, त्यावर कापूस. बूच लावलं, बुचावर मेण ओतलं. अशा दोन नळ्या भरल्या. तिसरी भरायला गेले तेव्हा वारा फिरला आणि निरंजननं दोरी ओढून मला मागे खेचलं. खाली आल्यावर मी बराच वेळ खोकत होते. सरांनी माझी विचारपूस करायच्या आधी नळ्या हातात घेतल्या.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. अंदमानच्या समुद्रातलं ते बेट कित्येक पिढ्या झोपून पुन्हा जागं झालं होतं. तिथे माणूस राहत नाही. जायचं तर परवानग्या काढायच्या, सरकारी जहाजाची वाट बघायची, आणि समुद्रानं उतरू दिलं तर उतरायचं. सर याआधी दोनदा तिथे जाऊन आले होते. दोन्ही वेळा त्यांनी भोकाच्या तोंडचे नमुने कापडी पिशव्यांत भरून आणले. पुण्याला येऊन पिशव्या उघडल्या तर आत निळा चिखल. सरांनी त्याची तपासणी केली आणि त्यावर चाल्कँथाइट अशी चिठ्ठी लावून तो कपाटात ठेवून दिला. चाल्कँथाइट म्हणजे आपलं साधं मोरचूद.

मोरचूद मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तासगावच्या अलीकडे आमचं गाव, सगळा मुलूख द्राक्षबागांचा. माझे वडील शिवलिंग हिंगमिरे, ज्यांना सगळा गाव अण्णा म्हणायचा, त्यांचं खता-औषधांचं दुकान. बागेवर फवारायला शेतकरी मोरचूद आणि चुना न्यायचे. ऑक्टोबरात छाटण्या व्हायच्या, त्या सुमाराला दसरा यायचा, आणि दसऱ्याला अण्णा मोरचुदाच्या पहिल्या पोत्याची शिवण उसवायचे. इतर दुकानदार पोत्यालाच हळदकुंकू लावून मोकळे व्हायचे. अण्णांना ते चालत नसे. "पूजा मालाची करायची, पोत्याची न्हाई," असं म्हणून ते मूठभर निळे खडे विड्याच्या पानावर काढायचे, हळदकुंकू वाहायचे, तांब्यातलं पाणी शिंपडायचे आणि मग पहिल्या गिऱ्हाइकाला वजन करून द्यायचे. जी वस्तू विकायची तिचं तोंड बघितल्याशिवाय तिला हात जोडण्यात काय अर्थ आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

लहानपणी त्यांनी मला एक गंमत दाखवली होती. मोरचुदाचा खडा तव्यावर भाजला की त्यातलं पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला की ती पुन्हा निळी होते. मी ती गंमत इतक्यांदा केली की आईनं तो तवा स्वयंपाकघरातून बाद केला.

म्हणून सरांच्या पिशवीतला निळा चिखल पहिल्यांदा बघितला तेव्हा माझ्या मनात आलं, एवढ्या आचेवर हे निळं असेलच कसं? भोकातून निघाल्यावर त्यानं समुद्रावरची दमट हवा प्यायली आणि त्याचं मोरचूद झालं. मग पाणी पिण्याआधी ते काय होतं? मी सरांना तसं विचारलं. सर म्हणाले, "विचार वाईट नाही," आणि दुसऱ्या कामाला लागले. पण तिसऱ्या मोहिमेत त्यांनी मला घेतलं.

निघण्याआधी मी गावी जाऊन कळीचा चुना आणला होता. अण्णांनी दूधपावडरच्या डब्यात निवडून निवडून खडे भरले.

"चुना कशाला गं तिकडं?"

"हवेतलं पाणी ओढून घ्यायला. त्या दगडाला पाणी लागता कामा नये."

"आन् लागलं तर?"

"तर संपला. मोरचूद होऊन बसेल. मग कितीही भाजा, मूळचा दगड परत येत नाही. त्याला कोण विचारतंय?"

"मोरचुदाला का नावं ठिवतीस? त्याच्यावर शिकलीस तू," असं म्हणून अण्णांनी डब्याचं झाकण ठोकून बसवलं.

माझ्या दोन नळ्या पुण्यापर्यंत कोरड्या राहिल्या. एका नळीतला माल तपासण्यांतच संपला. तांबं, गंधक, प्राणवायू, थोडं पोटॅशियम. पण क्ष-किरणांखाली जी रचना दिसली ती ज्ञात असलेल्या कुठल्याही खनिजाशी जुळेना. आम्ही पुन्हा तपासलं, परदेशात विचारून घेतलं. जुळत नव्हतंच. ज्या दिवशी तसं नक्की झालं त्या दिवशी सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "महानंदा, अख्ख्या आयुष्यात मला एवढं एकच हवं होतं," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, हे मी आजही म्हणेन.

मग ते भोक बुजलं. बेटावर पुन्हा उद्रेक झाला आणि नवा लाव्हा त्या उतारावरून वाहत गेला, अशी बातमी आली. म्हणजे जगात त्या खनिजाचा जो काही साठा होता तो उरलेल्या एका नळीत होता. नवं खनिज मान्य व्हायचं तर नमुना संग्रहालयात जमा करावा लागतो. जमा करायचा दिवस येईपर्यंत सर ती नळी कोटाच्या आतल्या खिशात घेऊन फिरायचे. प्रयोगशाळेतल्या कपाटावर त्यांचा विश्वास नव्हता. आमच्यावर तर नव्हताच.

त्याच सुमाराला संस्थेत एक कायमची जागा निघाली. अर्जदारांत खरे दोघंच, निरंजन आणि मी. मुलाखती मार्चमध्ये होत्या. नव्या खनिजाच्या शोधनिबंधावर ज्याचं नाव त्याची जागा, हे कँटीनमधल्या पोऱ्यालाही कळत होतं. शोध माझा होता. मी घरभाड्यापासून पडद्यांपर्यंत सगळे बेत करून ठेवले होते.

जानेवारीत सरांनी मला खोलीत बोलावलं. चहा मागवला.

"तुझ्यासाठी भेट आहे," ते म्हणाले. "खनिजाचं नाव ठरलं. हिंगमिराइट."

मला आधी हसूच आलं. कॉलेजात मला हिंगाचा डबा म्हणायचे. तेच आडनाव आता जगातल्या यच्चयावत खनिजशास्त्राच्या पुस्तकांत जाणार होतं. अण्णा, आजोबा, त्यांच्याआधीचे सगळे हिंगमिरे त्या क्षणी माझ्या मागे येऊन उभे राहिले असं वाटलं. मग आमच्या धंद्यातला नियम आठवला आणि हसू जागच्या जागी थांबलं. खनिजाला नाव द्यायचं ते शोधणाऱ्यानं, आणि शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव द्यायचं नाही. जिवंत माणसाचं नाव दिलं तर त्याची लेखी संमती घ्यायची.

"सर, निबंधावर मी असेन तर खनिजाला माझं नाव कसं देता येईल?"

सर चहा ढवळत राहिले. त्यांना साखर चालत नव्हती, तरी ढवळत होते.

"तेच सांगायला बोलावलं. निबंध मी आणि निरंजन लिहितोय. तुझं नाव थेट खनिजालाच."

"मग नाव दुसऱ्या कुणाचं तरी द्या, सर. मला निबंधात राहू द्या."

"निबंध थोड्या वर्षांनी कुणी उघडत नाही. खनिजाचं नाव कायमचं राहतं. तुझ्या वयात हा मान कुणाला मिळालाय?"

"मुलाखत मार्चमध्ये आहे. खनिज कुणी शोधलं असं समितीनं विचारलं तर मी काय सांगू?"

सरांनी चमचा बशीत ठेवला. "मोहीम कुणाची होती? परवानग्या कुणी आणल्या? तुझ्याआधी दोनदा त्या बेटावर कोण गेलं होतं?"

"तुम्ही दोन्ही वेळा मोरचूद आणलंत, सर."

हे बोलायला नको होतं. बोलले आणि मला बरं वाटलं. सरांचा चेहरा लगेच बदलला नाही. ते हळूहळू मागे खुर्चीला टेकले.

"तुला संमतीची सही करायची नसेल तर हरकत नाही," ते शांतपणे म्हणाले. "संस्थेच्या संस्थापकांचं नाव आहेच. मग निबंधाच्या शेवटी तुझे आभार मानू. बघ, विचार कर. आणि हो, तुझ्या वडिलांना मी सकाळीच दुकानात फोन केला. फार आनंद झाला त्यांना. गावात सत्कार ठेवतायत."

पुण्यात त्याला कात्रजचा घाट दाखवणं म्हणतात. मला तो हार घालून दाखवला होता.

रात्री न राहवून अण्णांचाच फोन आला. "नंदा, आपलं नाव दगडाला लागणार म्हंजे कसं गं? देवळाच्या पायरीला लावत्यात तसं?"

"त्याहून मोठं, अण्णा."

"मग दुकानाचा बोर्ड नवा करतो. हे नाव काय म्हनले तुझे सर... हिंगमिराइट. लिहून घेतो, सांग नीट. पेंटर चुकायचा."

मी एकेक अक्षर सांगितलं. बाकीचं सांगायला तोंड उघडलं होतं, पण पलीकडे ते आईला हाका मारत होते, "अगं, इकडं ये, नंदा हाय," आणि मी मूग गिळून बसले.

सत्काराला आम्ही संस्थेच्या जीपनं गेलो. सर पुढे, निरंजन आणि मी मागे. वाटेत चहाला थांबलो तेव्हा सर हातपाय मोकळे करायला गेले. मी निरंजनला म्हटलं, "भोकाशी कोण होतं ते तुला माहीत आहे. तू एकदा सरांशी बोल."

"मी काय बोलणार, नंदा," तो कपात बघत म्हणाला. "मलाही नोकरी हवीच आहे."

निदान तो खोटं बोलला नाही. मी त्याच्या चहाचे पैसे दिले नाहीत, एवढाच काय तो सूड घेतला.

सत्कार बेदाण्याच्या सौद्याच्या हॉलमध्ये होता. सगळीकडे बेदाण्याचा गोड आंबूस वास, आणि स्टेजमागे माझा पासपोर्टचा फोटो मोठा करून लावलेला. त्यात मी कसला तरी गुन्हा केल्यासारखी दिसत होते. खाली 'विश्वविख्यात शास्त्रज्ञ' असं लिहिलं होतं. आई पहिल्या रांगेत नवी इरकल नेसून बसली होती. अण्णा टोपी, कोट, गळ्यात लिंगाची चांदीची चौकट शर्टावर काढलेली, असे स्टेजवर माझ्या शेजारी. त्यांचे हात मांडीवर स्वस्थ राहत नव्हते. बाजार समितीचे सभापती बोलले. मग सर उठले.

उठण्याआधी त्यांनी माझ्यापुढे टेबलावर संमतिपत्र ठेवलं आणि आपलं पेनही. "भाषण संपलं की सही. फोटोग्राफरला सांगितलंय," ते माझ्या कानाशी म्हणाले. मग खिशातून नळी काढली, सगळ्यांना उंच करून दाखवली, आणि ओवाळणीच्या तबकात ठेवली. टाळ्या पडल्या. सर माईककडे गेले.

"मी तिसऱ्यांदा त्या भोकाशी गेलो," सर म्हणाले, "तेव्हा माझा जीव धोक्यात आहे हे मला माहीत होतं. विषारी वायू, पायाखाली तापलेली जमीन. पण माझ्या मनात एक प्रश्न होता. दोनदा मला मोरचूद मिळालं होतं. मग मोरचूद होण्याआधी ते काय होतं?"

माझा प्रश्न. शब्दसुद्धा माझेच. लोक माना डोलवत होते. सर आता पळी खरवडून दाखवत होते, हवेत, स्वतःच्या हातानं. रागानं माझ्या कानात दडे बसले. तरीही मला आठवतं, त्यांनी 'माझी विद्यार्थिनी महानंदा' असं म्हटलं तेव्हा आईनं पदर डोळ्यांना लावला.

सभापती माझ्या मागून वाकून अण्णांना म्हणाले, "अण्णा, तेवढी पूजा उरका. पाव्हण्यांचं भाषण चालू दे. मग सही, मग फोटो."

अण्णा उठले. तबकात हळदकुंकू, विड्याची पानं, पाण्याचा तांब्या सगळं तयार होतं. त्यांनी एक पान पुसून समोर मांडलं, नळी उचलली आणि बुचावरच्या मेणाला अंगठ्याचं नख लावलं. मला त्यांचं दसऱ्याचं पोतं दिसलं. पूजा मालाची करायची, पोत्याची नाही. आनंदाच्या भरात अण्णा चुना, डबा, पाणी, सगळं विसरून गेलेत, असं मला वाटलं.

नख तसंच ठेवून ते माझ्याकडे वळले.

"उघडू काय, नंदा?"

हलक्या आवाजात विचारलं त्यांनी. सरांची पाठ आमच्याकडे होती. निरंजन स्टेजखाली होता, त्यानं पाहिलं आणि तो अर्धवट उठला. माझ्यापुढे तो कागद होता. त्यावर सही केली की मी हे खनिज शोधलेलं नाही असं मीच लिहून देणार होते, आणि नाव राहणार होतं. अण्णांना हवं होतं ते. मलाही हवं होतं, हे का लपवू? आणि नळी उघडली की ना माझं नाव, ना सरांचा निबंध, ना निरंजनची नोकरी. सगळ्यांच्या तोंडाला सारखीच पानं पुसली जाणार होती. त्या क्षणी मला तेच न्यायाचं वाटलं.

मी मान हलवली.

अण्णांनी मेण खरवडलं, बूच काढलं आणि नळी पानावर हलकेच उपडी केली. काचेच्या सुया पडल्या. त्यांनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं. डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मग तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन पानावर शिंपडलं.

निळा रंग कडेनं सुरू झाला. धुतल्या कपड्यांच्या बादलीत निळीची पुडी सुटावी तसा तो आत सरकत गेला, आणि बघता बघता पानावर कुंकवाच्या शेजारी निळा लगदा उरला.

"रंग बदलला बगा दगडानं," पुढच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

सरांना वाटलं, आपल्याच वाक्याला दाद मिळाली. त्यांनी मान झुकवून ती स्वीकारली. मग लोकांची नजर आपल्यावर नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते वळले.

ते ओरडले नाहीत. माईकचा दांडा धरून उभे राहिले, पानाकडे बघत. मग दोन वाक्यांत त्यांनी भाषण गुंडाळलं, आभार मानले, आणि टेबलाशी आले.

"तू बघत होतीस," ते म्हणाले.

"हो."

"तुला कळत होतं."

"नमुना हातातून सोडायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत सर."

त्यांनी संमतिपत्राची घडी घातली आणि ज्या खिशात नळी असायची त्या खिशात ठेवली. एकाएकी ते फार म्हातारे दिसायला लागले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

सत्कार मात्र यथासांग झाला. हार, शाल, जेवण. संध्याकाळी अण्णांनी मला दुकानावर नेलं. नवा बोर्ड लागला होता, पिवळ्यावर निळी अक्षरं: 'हिंगमिराइट कृषी सेवा केंद्र'. पेंटर चुकला नव्हता.

"नाव राहील न्हवं गं?" अण्णांनी विचारलं.

"राहील, अण्णा," मी म्हटलं.

संस्थेतून मला कुणी काढलं नाही. मुलाखतीचं बोलावणं आलं नाही, इतकंच. निरंजनला जागा मिळाली. नमुना नाही तर खनिज नाही. निबंध कपाटात गेला आणि सर निवृत्त झाले. पुढे कधीतरी त्यांच्या निधनाची बातमी पेपरात वाचली. त्यात बेटाचा उल्लेख होता, खनिजाचा नव्हता. मी आणखी थोडे दिवस पुण्यात काढले, आणि अण्णांची पाठ दुखायला लागली हे निमित्त करून दुकानात येऊन बसले. बरीच वर्षं गेल्यावर निरंजननं कळवलं की दूरच्या एका थंड देशातल्या ज्वालामुखीवर अगदी तसंच खनिज सापडलंय. तिथल्या लोकांनी त्याला त्यांच्या कुणा प्राध्यापकाचं नाव दिलं. ते मान्यही झालं.

अण्णांना मी त्यातलं काहीच सांगितलं नाही. गिऱ्हाइकं बोर्डाकडे बोट दाखवून विचारायची तेव्हा ते छाती काढून सांगायचे, "माझ्या पोरीनं शोधलेला दगूड हाय." मी खाली मान घालून वजन करायची.

शेवटच्या आजारात ते दुकानामागच्या खोलीत खाटेवर असायचे. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते.

"त्या नावाचं काय झालं गं?" त्यांनी विचारलं.

"आहे की. पुस्तकात आहे."

"बोर्डावर हाय," अण्णा म्हणाले. "बाकी कुठं न्हाई. मला काय कळत न्हाई व्हय? जल्म गेला मोरचूद विकण्यात. तवा कुनी दाखवला तुला? चुन्याचा डबा कुनी भरून दिला?"

मी चमचा वाटीत ठेवला. "तुम्हाला माहीत होतं? मग नळी उघडलीत कशाला?"

"त्यो मानूस माईकवर सगळं मीच केलं, मीच केलं म्हनत हुता. पोरीचं काम ह्यो स्वतःच्या नावावर घेतोय हे आंधळ्यालाबी दिसत हुतं. माझं डोस्कं फिरलं. नख लावलं मेणाला." त्यांना दम लागला. मी पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला सारलं. "मग वाटलं, राग माझा हाय, दगूड तिचा हाय. म्हनून तुला इचारलं."

"आणि मी मान हलवली."

"व्हय." मग बाजूला सारलेलं पाणी त्यांनी मागून घेतलं. "मला वाटलं हुतं, तू नगं म्हनशील."

बाहेर गिऱ्हाईक आलं होतं. त्याला मोरचूद हवं होतं. मी पेजेची वाटी खाली ठेवली, बाहेर जाऊन पोत्याचं तोंड सोडलं आणि त्याला वजन करून दिलं.